शंभर अंशांवर अडकलेला प्रोसेसर : जळगावच्या एका स्टुडिओतलं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा, लग्नसराई ऐन भरात. जळगावातल्या एका फोटो-व्हिडिओ स्टुडिओच्या मालकांचा सकाळीच फोन आला. "दादा, एडिटिंगचं मशीन पार बसलंय. रात्री रेंडर लावून घरी जातो, सकाळी येऊन पाहतो तर काम अर्धवट. आणि पंखा असा ओरडतो, की शेजारचे टेलरमास्तर येऊन विचारतात काय चाललंय." (रेंडर म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांची शेवटची व्हिडिओ फाइल बनवणं.)

याआधी दोन ठिकाणी मशीन दाखवून झालं होतं. मार्चमध्ये पहिल्या दुकानात ब्लोअर मारून धूळ काढली आणि प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. एप्रिलमध्ये स्टुडिओची जागा बदलली आणि सगळं सामान लोडिंग रिक्षातून नव्या गाळ्यात आलं. त्रास वाढला म्हणून मशीन दुसऱ्या दुकानात गेलं. तिथे एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा बदलला, कॅबिनेटच्या मागचा बंद पडलेला पंखा काढून नवा बसवला आणि "आता लिक्विड कूलरशिवाय (पाणी फिरवून थंड करणाऱ्या कूलरशिवाय) पर्याय नाही" असं सांगितलं. मालकांनी त्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. त्यांना मला एवढंच विचारायचं होतं, की कोणता घेऊ?

मी म्हटलं, "भाऊ, आधी मशीन बघू द्या, मग खर्चाचं बोलू."

मशीन असं होतं : इंटेलचा कोअर आय५ १०४०० प्रोसेसर, म्हणजे २०२० सालची दहावी पिढी, सहा कोअर, बारा थ्रेड. त्यावर प्रोसेसरच्या खोक्यातच मिळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा छोटा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा गोळा) आणि पंखा. १६ जीबी रॅम, मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड, आणि पुढून पूर्ण काच असलेलं, दिव्यांच्या पंख्यांचं कॅबिनेट. आधी एका गाण्याचं रेंडर बावीस मिनिटांत व्हायचं, आता तीस मिनिटं लागत होती. अडीच-तीन तासांच्या लग्नाच्या फिल्मला हा फरक कितीतरी जास्त पडतो, आणि सीझनमध्ये एकामागून एक फिल्म रांगेत असते.

"प्रोसेसर तापतो" एवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. प्रोसेसर तापणारच. त्यात जितके वॉट वीज जाते तितकीच उष्णता होऊन बाहेर पडते. तिची वाट ठरलेली आहे : चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून पेस्टमधून हीटसिंकच्या बुडाला, बुडातून पात्यांत, पात्यांतून कॅबिनेटमधल्या हवेत, आणि ती हवा मागून खोलीत. पडद्यावर १०० अंश दिसले म्हणजे या वाटेवर कुठेतरी उष्णता तुंबली. कुठे तुंबली हे शोधायचं, आणि ते प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रश्न विचारूनच कळतं. न विचारता पेस्ट, पंखे, एसएमपीएस बदलत राहिलं तर कधीतरी नेम लागेलही, पण तोवर गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो.

पहिली गोष्ट, टेबलावर साधा थर्मामीटर ठेवला. खोली ३८ अंश. आमच्या खान्देशात हे पहिलं वाचन फार महत्त्वाचं आहे. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात २५ अंशांच्या खोलीत कुणाचा प्रोसेसर ६५ दाखवत असेल, तर तसाच प्रोसेसर तसंच काम करताना इथे ७८ दाखवणार, आणि दोन्ही मशीन सारखीच ठणठणीत असणार. म्हणून मी नुसता आकडा धरत नाही, खोलीपेक्षा किती वर ते धरतो.

मशीन रात्रीपासून बंद होतं. चालू केल्यावर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान, वेग आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं : सुरुवातीला ४६, आणि काहीही न करता मिनिटाभरात ५८. सेन्सरच खोटं बोलतोय का, ही शंका इथेच थोडी मिटली. थंड मशीन खोलीपेक्षा खूप वर किंवा खोलीच्याही खाली दाखवत असेल तर सेन्सरवर संशय घ्यावा. तसंही इंटेलचे हे सेन्सर कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत हे मोजतात, त्यामुळे मर्यादेजवळ ते जास्त भरवशाचे असतात. या चिपची मर्यादा १०० अंश आहे.

मग प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच हे चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं. इथे मी आकड्याआधी चाल बघतो. निरोगी मशीनवर ताण दिला की तापमान पहिल्या सेकंद-दोन सेकंदांत काही अंश उडी मारतं आणि मग हळूहळू, पाच-दहा मिनिटं चढत राहतं, कारण मधला हीटसिंकचा गोळा तापायला वेळ लागतो. इथे ५८ वरून ९७ व्हायला दोन सेकंद लागले, तिसऱ्याला १००. ताण काढला तर तितक्याच झपकन ६६. हीटसिंक मध्ये नाहीच असं समजून चिप वागत होती. शिवाय कोअरमध्ये मोठी तफावत : एक कोअर १०० वर, दुसरा ८४ वर. पाच-सात अंशांचा फरक नेहमीचा असतो. सोळा अंश म्हणजे दाब एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

आता बाजूचा पत्रा काढून बघायचा. ही सगळ्यांना माहीत असलेली तपासणी आहे : पत्रा काढल्यावर तापमान उतरलं तर कॅबिनेटची हवा कोंडतेय. मालकांनीही ती करून पाहिली होती, वर कुलरचा झोतही सोडला होता. "काहीच फरक नाही, १०० चे १००च," ते म्हणाले. हे वाचन फसवं आहे. प्रोसेसर एकदा मर्यादेला टेकला की तो तापमान वाढू देत नाही, स्वतःचा वेग आणि वीज कमी करून तिथेच थांबतो. अशा वेळी अंशांकडे बघून काही कळत नाही, वॉट बघावे लागतात. पत्रा लावलेला असताना प्रोसेसर ४६ वॉट खात होता, पत्रा काढल्यावर ४९. म्हणजे हवेचा थोडा दोष होता, पण मुख्य दोष तिथे नव्हता.

वहीत हिशेब मांडला. खोलीपेक्षा ६२ अंश वर, ४६ वॉटला. भागाकार १.३५, म्हणजे दर वॉटमागे १.३५ अंश. माझ्या हाताखालून गेलेले या जातीचे छोटे हीटसिंक नीट बसलेले असतील तर हा आकडा ०.६ च्या आसपास येतो. इथे दुपटीहून जास्त. आणि ४६ वॉटमध्ये सगळे कोअर मिळून जेमतेम ३ गिगाहर्ट्झ वेग देत होते, जिथे ४ मिळायला हवेत. बावीस मिनिटांची तीस मिनिटं का झाली, त्याचं उत्तर इथेच आहे.

मध्येच मालक म्हणाले, "पण दादा, महिन्यात दोनदा मशीन आपोआप बंदही पडलं ना, म्हणून तर एसएमपीएस बदलला." ही वेगळी तक्रार होती आणि ती वेगळीच ठेवायला हवी होती. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडली. कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दोनदा, दोन्ही भर दुपारच्या. ती नोंद मशीन अचानक बंद झालं एवढंच सांगते, कारण सांगत नाही. त्या वेळा वाचून दाखवल्यावर मालकांना आठवलं, की त्या दोन्ही दुपारी गाळ्यांची लाइट गेली होती. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहिला, मशीन तत्क्षणी गेलं. बॅटरी मेलेली. १०० अंशांवर ही चिप बंद पडत नाही, मंद होते. उष्णतेने थेट बंद पडण्याची पायरी त्याच्याही बरीच वर असते आणि तिथवर पोचण्याआधी मंद होण्याचा उपाय बहुतेक वेळा पुरतो. चांगला एसएमपीएस बदलला गेला आणि बॅटरी तशीच राहिली, याचं मला वाईट वाटलं.

परत हीटसिंककडे. सिनेबेंच चालू ठेवलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून हात आधी कॅबिनेटच्या धातूला लावला, मग पंख्याची पाती सांभाळून बाजूने हीटसिंकच्या अ‍ॅल्युमिनियमला बोट टेकवलं. पडद्यावर १०० अंश, आणि बोट निवांत ठेवता येत होतं. चहाच्या कपाला बाहेरून लागते तेवढी ऊब. मालकांनाही लावून पाहायला सांगितलं. ते चकित झाले, "हे तर गारच आहे!" तेच तर. चिप भाजतेय आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवरचा धातू कोमट आहे. उष्णता झाकण आणि बुडाच्या मधे अडली होती. यावर लिक्विड कूलर बसवला असता तर तो चालला असता, हे खरं आहे, पण तो नव्याने नीट बसवला गेला म्हणून चालला असता.

मशीन बंद करून वायर काढली आणि मागचा पत्रा उघडला. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या मागे कॅबिनेटला खिडकी असते, तिच्यातून मदरबोर्डाची पाठ दिसते. हा हीटसिंक चार पुशपिनांवर उभा असतो. प्रत्येक पिनचा पांढरा प्लास्टिकचा पाय मधून चिरलेला असतो. तो बोर्डाच्या भोकातून पलीकडे गेला की वरून काळी खुंटी आत शिरते आणि चिरलेले दोन भाग फाकून अडकतात. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं : तीन ठिकाणी पांढरा पाय फाकलेला, मधे काळं टोक. चौथ्या भोकात टोक नाही. एक पाकळी दुमडून भोकाच्या काठावरच चेपली होती, दुसरी अर्धवट आत. वरून बघाल तर चारही पिना सारख्याच बसलेल्या दिसत होत्या.

पेस्ट बदलताना पाय वाकडा शिरला असणार, जेमतेम धरून राहिला असणार, आणि रिक्षाच्या खड्ड्यांत सुटला असणार. हा माझा अंदाज आहे, पण तारखा त्याच्याशी जुळतात.

हीटसिंक उचलल्यावर जे दिसलं ते मी मालकांना मुद्दाम जवळ बोलावून दाखवलं. प्रोसेसरच्या झाकणावर पेस्टचा ठसा असतो, आणि तो फार काही सांगतो. धरलेल्या पिनांच्या बाजूला पेस्ट दाबून इतकी पातळ झाली होती की खालची अक्षरं दिसत होती. सुटलेल्या कोपऱ्याकडे ती जाड होत गेली होती, आणि अगदी टोकाला पेस्टचा गोळा लावला तसाच, वर गुळगुळीत, न चेपलेला. हीटसिंकचं बूड तिथे टेकलंच नव्हतं. पेस्ट ताजी होती, चांगलीही होती. तिच्यात खोट नव्हती. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरायचं, फट भरायचं नाही. जाड थर हा धातूपुढे अडथळाच असतो.

(इथे एक सांगून ठेवतो. इंटेलच्या या सॉकेटमध्ये चिप चौकटीखाली दाबलेली असते, त्यामुळे हीटसिंक सरळ उचलता येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या मशीनवर तसं करू नका. तिथे पिना चिपला असतात आणि वाळलेली पेस्ट चिपला हीटसिंकसकट उपटून आणते. मशीन आधी पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करायची, बंद करून वायर काढायची आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवायचा.)

पात्यांच्या मधे कापसाची तूसही होती. शहराच्या आसपास जिनिंग आहेत, हंगामात ही तूस हवेत असतेच, आणि ती साध्या धुळीसारखी उडून जात नाही, तिचा नमदा बनतो. ब्लोअरने वरवरची धूळ जाते, नमदा पंखा उतरवून ब्रशनेच काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

पुशपिनांचा सुटा संच बाजारात मिळतो, माझ्या पेटीत होता. चारही पिना बदलल्या. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली. पिना बसवताना डोक्यावरचा बाण ज्या दिशेला फिरवायला सांगतो ती सोडवायची दिशा असते, ही गल्लत अनेकांची होते. बसवताना डोकं त्याच्या उलट फिरवून ठेवायचं आणि पीन सरळ खाली दाबायची. कर्णावरच्या दोन आधी, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीला "टक्" आवाज यायला हवा. मग पुन्हा मागून टॉर्च : चार पांढरे पाय, चार काळी टोकं.

आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे मी कधी टाळत नाही, कारण मोठा दोष गेला की त्याच्या सावलीतले छोटे दोष बाहेर येतात. खोली ३८च. रिकामं मशीन ४८. सिनेबेंच लावल्यावर ७० वर उडी, आणि मग सावकाश चढण, आठ मिनिटांत ९५. वेग पूर्ण ४ गिगाहर्ट्झ, वीज ८४ वॉट. हिशेब ०.६८. हीटसिंकला बोट लावलं तर दोन सेकंदांत मागे घ्यावं लागलं. उष्णता आता पोचत होती.

मालकांचा चेहरा मात्र उतरला. "दादा, १०० चे ९५च झाले की!" त्यांना वही दाखवली. आधी ४६ वॉटला १०० होते, आता ८४ वॉटला ९५ आहेत. मशीन जवळपास दुप्पट उष्णता बाहेर टाकत होतं. तरी ९५ हा रोज रात्रभर चालण्याचा आकडा नव्हे, हे मलाही मान्य होतं.

पत्रा काढण्याची तपासणी पुन्हा केली. या वेळी वॉट तेच, आणि तापमान ९५ वरून ८८. सकाळी जी तपासणी जवळपास मुकी होती, ती आता स्पष्ट बोलली : कॅबिनेटची हवा कोंडतेय. उदबत्ती पेटवून पंख्यांपाशी धरली. पुढच्या पंख्यांपाशी धूर आत ओढला जात होता. मागच्या पंख्यापाशीही धूर आतच! दुसऱ्या दुकानात बदललेला पंखा उलटा बसला होता. पंख्याची मोटर ज्या बाजूला आडव्या काड्यांनी धरलेली असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. इथे काड्या आतल्या बाजूला होत्या. पुढून-मागून दोन्हीकडून हवा आत, आणि बाहेर जायला फक्त फटी. चार स्क्रू काढून पंखा फिरवला. पत्रा लावून पुन्हा चाचणी : ९०. पुढच्या काचेमुळे हवा कडेच्या चिंचोळ्या फटीतूनच येते, त्यामुळे पत्रा काढल्यावरचे ८८ पूर्ण गाठता आले नाहीत. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट असतं तर गाठले असते. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा दिव्यांपेक्षा जाळी बघा, असं सांगून ठेवलं.

राहिली ती ८४ वॉटची गोष्ट. या प्रोसेसरची घोषित मर्यादा ६५ वॉट आहे. थोडा वेळ, २८ सेकंदांपर्यंत, तो १३४ वॉटपर्यंत जाऊ शकतो आणि मग ६५ वर उतरायला हवा. इथे २८ सेकंद उलटून आठ मिनिटं झाली तरी ८४ कायम. एचडब्ल्यूइन्फोत दीर्घकालीन मर्यादेपुढे ४०९५ वॉट लिहिलेलं होतं, म्हणजे मर्यादा काढून टाकलेली. मालकांनी काही केलेलं नव्हतं. अनेक मदरबोर्ड ही सेटिंग कारखान्यातूनच मोकळी सोडून येतात, कारण त्याने बेंचमार्कचे आकडे चांगले दिसतात. सकाळी हे दिसणं शक्यच नव्हतं, प्रोसेसर ४६ च्या वर जातच नव्हता.

बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, मर्यादा ६५ केली. वेग ३.६ च्या आसपास आला, तापमान ७८ वर स्थिरावलं, पंख्याचा आवाज बसला. तेच गाणं रेंडरला लावलं : चोवीस मिनिटं. शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात, कारण वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन मिनिटांसाठी बारा अंश मोजायचे का, हा निर्णय मी मालकांवर सोडला. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या. मला सकाळी काम पूर्ण झालेलं पाहिजे."

लिक्विड कूलरच्या पैशांतून यूपीएसची बॅटरी आली. हाच हीटसिंक पुढेमागे बदलावासा वाटला तर मागे पट्टी लावून स्क्रूने कसणारा टॉवर कूलर घ्या, असं सुचवलं. या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर आहेत, आधीच्या ११५१ सॉकेटसारखीच, त्यामुळे जुना चांगला कूलरही बसतो. १७०० सॉकेटचा कूलर मात्र ७८ मिलिमीटरच्या भोकांचा असतो.

निघताना एक चिठ्ठी लिहून बाजूच्या पत्र्याच्या आतून चिकटवली : तारीख, खोली ३८, वॉट ६५, तापमान ७८, फरक ४०. मालकांना म्हटलं, दर महिन्याला दहा मिनिटं सिनेबेंच लावून हे चार आकडे खाली लिहीत जा, आणि फक्त शेवटचा आकडा बघा.

जुलैच्या शेवटी त्यांचा फोन आला. बाहेर पाऊस होता, मशीनची तक्रार काहीच नव्हती. "दादा, खोली ३१, वॉट ६५, तापमान ७५. दिसायला कमी आहे, पण फरक ४४ आलाय. चार वाढला." मी म्हटलं, पंखा उतरवून पात्यांत बघा. अर्ध्या तासाने त्यांनी फोटो पाठवला : ब्रशला चिकटलेला तुसीचा करड्या रंगाचा पट्टा, आणि शेजारी चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात नवी ओळ, फरक ४०.